उल्हास खोऱ्याच्या पायाखालची जमीन

२०१९ च्या जुलैतील २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान पुरात अडकली. गाडीत एक हजाराहून अधिक प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्यांनी आणि स्थानिक गावकऱ्यांच्या मदतीने सर्वांची सुटका झाली. जीवितहानी टळली आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर जी चर्चा झाली ती अपेक्षेप्रमाणेच झाली. गाडी पुढे का सोडली, इशारा वेळेवर का मिळाला नाही, रेल्वे आणि जिल्हा प्रशासन यांच्यात समन्वय का नव्हता, हे प्रश्न विचारले गेले. ते सारे रास्त होते. परंतु त्याहून मूलभूत असा एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. गाडी जेथे उभी राहिली ती जमीन कोणाची?

सातबाराच्या उताऱ्यावर त्या जमिनीचा मालक कोणीही असो, भूशास्त्राच्या दृष्टीने ती नदीची आहे. उल्हास नदीने हजारो वर्षांत पूर आणून, गाळ पसरून, पात्र बदलून ती घडविलेली आहे. त्या गाळाचा प्रत्येक थर म्हणजे पूर्वी येऊन गेलेल्या पुराची नोंद होय. १८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंत जो लोहमार्ग सुरू झाला, त्यानंतर त्याच्या दोन्ही अंगांना जी गावे वाढली आणि गेल्या चाळीस वर्षांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतील अनेकांचा पाया या नोंदवहीच्या पानांवर आहे. ती वही उघडून वाचण्याचा उद्योग मात्र अद्याप नगररचनेचा भाग झालेला नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे आता एकमेकांत मिसळू लागली आहेत. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि शहराचे क्षेत्र अवघे तेरा चौरस किलोमीटरांच्या आसपास. अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांवर, तर कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. त्यानंतरच्या काळात विशेषतः बदलापूरची वाढ किती झाली आहे, हे सकाळच्या लोकलच्या गर्दीवरून कोणालाही सांगता येईल. मुंबईत घर परवडत नाही म्हणून शिक्षक, कारकून, लहान दुकानदार येथे कर्ज काढून घर घेतो. तो इमारतीची कागदपत्रे पाहतो, पाण्याची चौकशी करतो, स्थानक किती मिनिटांवर आहे हे मोजतो. इमारतीखाली काय आहे, हे विचारण्याची त्याला सोय नाही. विचारले तरी उत्तर देणारे कोणी नाही.

दोन प्रकारचे नकाशे

भूशास्त्रीय नकाशा म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे खनिजे आणि खाणी येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची स्थापना १८५१ साली झाली ती मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी, हे लक्षात घेतले तर ही समजूत अस्वाभाविक नाही. या संस्थेने देशाचे पद्धतशीर नकाशे तयार केले आहेत आणि त्यांचे प्रमाण सामान्यतः एकास पन्नास हजार असे आहे. म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर हे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. या प्रमाणात उल्हासनगरचे संपूर्ण शहर अर्ध्या पोस्टकार्डावर मावते. खोऱ्याची एकूण घडण समजण्यास असा नकाशा उत्तम. पण एखाद्या गल्लीत पाया किती खोल घ्यावा, हे तो सांगू शकत नाही आणि त्याने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही.

शिवाय असा नकाशा मुख्यतः खालच्या खडकाची गोष्ट सांगतो. आणि या खोऱ्यात ती गोष्ट वरवर पाहता एका शब्दाची आहे: काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे एकावर एक थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. सह्याद्रीच्या या लाव्हा थरांची रासायनिक घटकांवरून विभागणी १९८० च्या दशकात झाली, तेव्हा त्यांतील एका थरसमूहाला ‘नेरळ’ आणि त्याच्या वरच्या समूहाला ‘ठाकूरवाडी’ अशी नावे देण्यात आली. जगभरचे भूशास्त्रज्ञ ज्या नावाने दख्खनच्या खडकाचा एक थर ओळखतात ते नाव बदलापूरच्या पुढच्या तिसऱ्या स्थानकाच्या फलकावर आहे, हे रोज त्या गाडीने जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? याच पाषाणातून शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर घडले.

परंतु ‘सगळीकडे काळा पाषाण आहे, मग काळजी कसली?’ हा जो समज बांधकाम क्षेत्रात रूढ आहे, तो अर्धसत्य आहे. लाव्हाचे सर्व थर सारखे नसतात. काही घट्ट व अखंड असतात, काही सच्छिद्र आणि पोकळ्यांत पांढरी स्फटिके भरलेले असतात, तर दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो, जो पाणी लागताच मऊ होतो. काही ठिकाणी जुन्या थरांना छेदून वर आलेल्या खडकाच्या उभ्या भिंती आहेत. त्यांच्या एका बाजूच्या विहिरीस भरपूर पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, असा अनुभव दख्खनमधील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यातही या पाषाणाची झीज सारखी होत नाही. भेगांमधून पाणी मुरून आजूबाजूचा भाग मुरूम बनतो आणि मध्ये टणक गोटे शिल्लक राहतात. विंधनाची कांब अशा गोट्याला लागली की ‘खडक लागला’ असा अहवाल होतो. प्रत्यक्षात अस्सल खडक आणखी कित्येक मीटर खाली असू शकतो.

खडकाच्याही वर जे काही आहे, त्याचा नकाशा हा दुसऱ्या प्रकारचा नकाशा होय, आणि माणसे राहतात ती बहुधा त्याच्यावरच. मऊ मुरूम, कठीण मुरूम, डोंगरपायथ्याशी घसरून साचलेला दगडमातीचा ढीग, नदीच्या जुन्या काठाचे उंचवटे, पुराचा चिकण गाळ, वाळूचे आणि गोट्यांचे पट्टे, बुजलेले ओढे, आणि सर्वांत वर माणसाने केलेला भराव: या प्रत्येकाची जाडी किती, खोली किती, ते पाणी धरतात की सोडतात, भार सोसतात की खचतात, हे सांगणारा नकाशा. त्याचे प्रमाण एकास दहा हजार असे असावे लागते. त्या प्रमाणात उल्हासनगर शहर वर्तमानपत्राच्या एका पानावर मावेल. तेवढे एक पान या तिन्ही शहरांतील नगररचनेच्या प्रत्येक फायलीत असायला हवे.

तीन शहरे, तीन प्रकारची जमीन

उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावरून उतरते ती फार थोड्या अंतरात. घाटावरील गोदावरी वा भीमेसारखी ती शेकडो कोस संथपणे वाहत नाही. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करीत ती कल्याणच्या खाडीला मिळते, आणि कल्याणपर्यंत समुद्राची भरती येते. म्हणजे वरून घाटावरचे पाणी वेगाने खाली येणार आणि खालून भरती त्याला अडविणार. या दोहोंच्या मध्ये जी सपाटी आहे तीत ही शहरे वसली आहेत. पावसाळ्यात पाण्याचा वेग जेथे मंदावतो तेथे तो गाळ टाकतो. हा साधा नियम लक्षात घेतला तर खोऱ्याचा नकाशा कसा दिसेल याची कल्पना येऊ लागते.

बदलापूरचे जुने गाव नदीकाठी, तर स्थानकाच्या आसपासची वस्ती त्याच्या पूर्वेस वाढलेली. गाव आणि स्थानक यांच्या दरम्यानची शेते गेल्या काही दशकांत इमारतींनी भरून गेली. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या भागांत पाणी शिरल्याच्या बातम्या आता दर दोन-तीन वर्षांनी येतात. शेतकरी जेथे भाताचे पीक घेत होता, तेथे पाणी साठते हे त्याला माहीत होते. किंबहुना पाणी साठते म्हणूनच तेथे भात होत होता. जमीन विकली गेली तेव्हा हे ज्ञान खरेदीखतात नोंदविण्याची पद्धत नव्हती.

अंबरनाथचे स्वरूप वेगळे आहे. येथे डोंगर जवळ आहे. मलंगगडाच्या, तावलीच्या आणि पलीकडे चंदेरीच्या कड्यांखाली उतारावरून आलेला दगडमातीचा थर आणि त्याच्या पुढे वालधुनीचे छोटे खोरे, अशी ही जमीन आहे. शहर वाढत वाढत उतारावर चढत आहे. उतार कापून सपाटी करणे आणि कापलेली माती खालच्या अंगाला टाकून आणखी सपाटी मिळविणे, ही सोपी युक्ती सर्वत्र वापरली जाते. अशा भूखंडावरील इमारतीचा अर्धा पाया मूळ मुरमावर आणि अर्धा ताज्या भरावावर येतो. भराव दाबला जातो, मुरूम दाबला जात नाही, आणि भिंतीला तिरकस तडा जातो. रहिवासी मग रंगाऱ्याला बोलावतो.

उल्हासनगर हे तर इतिहासाने घाईघाईत वसविलेले शहर. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचे उल्हासनगर असे नामकरण झाले. बराक ही तात्पुरती, बैठी आणि हलकी. तिच्याखालची जमीन कशी आहे, याचा विचार करण्याचे कारणच नव्हते. पुढे सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी त्याच बराकींच्या जागी कारखाने, दुकाने आणि मजल्यावर मजले उभे केले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु जमिनीने सोसावयाचा भार मात्र प्रत्येक मजल्यागणिक वाढत गेला, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

नियमित झालेला कागद

उल्हासनगरच्या बेकायदा बांधकामांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ साली राज्य शासनाने ही बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. हजारो कुटुंबांना बेघर करणे कोणत्याही शासनाला शक्य नव्हते, हे मान्य करावे लागेल. परंतु कायद्याने कागद नियमित होतो, इमारत नव्हे. २०२१ च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या अंतराने या शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि दहाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. १९९० च्या दशकातील बांधकामांत वापरलेल्या रेतीच्या दर्जाचा प्रश्न त्यानंतर पुन्हा चर्चेस आला.

त्या दुर्घटनांचा दोष जमिनीवर टाकणे बरोबर होणार नाही. तो निकृष्ट बांधकामाचा आणि देखभालीच्या अभावाचा दोष होता. प्रश्न आहे तो यापुढचा. अशा धोकादायक इमारती पाडून त्यांच्या जागी पुनर्विकास व्हावा, ही सर्वांचीच मागणी आहे. पुनर्विकासाचे अर्थकारण असे की जुन्या चार-पाच मजल्यांच्या जागी पंधरा-वीस मजले झाल्याशिवाय विकासकास तो परवडत नाही. म्हणजे ज्या जमिनीने कसाबसा पाच मजल्यांचा भार सोसला, तिच्यावर तिप्पट-चौपट भार येणार. हा भार उथळ पायावर द्यावयाचा की खोल खडकापर्यंत न्यावयाचा, हे जमिनीच्या थरांवर अवलंबून आहे.

भूकंपाचा विचार केला तर हा मुद्दा अधिकच तीव्र होतो. महाराष्ट्राला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा धक्का विसरता येणार नाही. याच ठाणे जिल्ह्यात १९८३ च्या सप्टेंबरमध्ये भातसा धरणाच्या परिसरात, खर्डीजवळ, जमीन हादरली होती. भूकंपाची लाट कठीण खडकातून जाते तेव्हा वेगाने निघून जाते. मऊ गाळात शिरते तेव्हा तिचा वेग मंदावतो आणि हेलकावा वाढतो. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहरात हाहाकार माजला, तेव्हा भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर होते. परंतु शहराचा मोठा भाग आटविलेल्या सरोवराच्या चिकण गाळावर वसलेला होता आणि त्या गाळाच्या हेलकाव्याशी जुळणाऱ्या उंचीच्या इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या. त्याच शहरातील खडकाळ भागास तुलनेने फारशी झळ लागली नाही. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत साबरमतीच्या गाळावरील बहुमजली इमारती पडल्या. त्यात निकृष्ट बांधकामाचाही वाटा होताच. उल्हास खोऱ्यातील गाळ मेक्सिकोच्या गाळाइतका जाड नाही, आणि भीती पसरविण्याचे काहीच कारण नाही. परंतु भारतीय मानक संहितेनुसार इमारतीचा आराखडा करताना जमीन कठीण, मध्यम की मऊ हे ठरवावेच लागते. ते ठरविण्यासाठी प्रत्येक भूखंडावर दोन-तीन विंधने घेतली जातात, अहवाल फायलीला जोडला जातो आणि फाईल बंद होते. शेजारच्या भूखंडावर पुन्हा तोच खर्च, पुन्हा तोच अज्ञातवास.

रेषा आणि थर

बदलापुरात आज सर्वांत तापलेला विषय पूररेषेचा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येण्याचा संभव असलेल्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येण्याचा संभव असलेल्या पुराची लाल रेषा, अशा दोन रेषा जलसंपदा विभाग आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, दोन रेषांच्या मध्ये नियंत्रण. ज्यांची घरे या रेषांच्या आत आली त्यांचा पुनर्विकास अडला, ज्यांचे भूखंड आत आले त्यांचे मोल घसरले. साहजिकच रेषा चुकीची आहे, ती सरकवा, अशी मागणी होऊ लागली.

रेषा चुकीची आहे की बरोबर, हे ओरडून ठरणार नाही. तसेच केवळ गणिताने ठरणेही अवघड आहे. ज्या नदीच्या पाण्याची मोजमापे काही दशकांचीच उपलब्ध आहेत, तिच्या शतकातून एकदा येणाऱ्या पुराचा अंदाज हा अखेर अंदाजच असतो. येथे गाळाचे थर साक्षीला येतात. पूर किती उंचीपर्यंत चढला, याची खूण तो मागे ठेवून जातो. पुणे विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेच्या काठचे असे गाळथर वाचून मोजमापांच्या कितीतरी आधीच्या महापुरांचा इतिहास उलगडला. दख्खन कॉलेजातील अभ्यासकांनी घाटमाथ्यावरील नद्यांच्या गाळाचा अनेक वर्षे अभ्यास केला. जुन्नरजवळच्या बोरी येथे कुकडी नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या वयाविषयी विद्वानांत दीर्घ वाद झाला. घाटावरच्या नद्या जगाच्या विद्वत्परिषदांत पोचल्या, पण दररोज लाखो माणसांना अंगाखांद्यावर वागविणाऱ्या उल्हासेचे काठ त्यांच्या मानाने उपेक्षितच राहिले. तिचे थर वाचले गेले तर पूररेषेचा वाद पुराव्याच्या पातळीवर येईल. कदाचित काही घरे रेषेच्या बाहेर जातील, काही नवी आत येतील. दोन्ही गोष्टी स्वीकारण्याची तयारी मात्र हवी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सर्वांना पाठ आहे. त्याच दिवशी उल्हास खोऱ्यानेही जलप्रलय भोगला, हे फारसे कोणाला आठवत नाही. त्या पुराने घराघरांत जो चिखल आणून टाकला, तो रहिवाशांनी फावड्याने बाहेर काढला. मोकळ्या जागी तो तसाच राहिला आणि त्यावर पुढे भराव पडला. एखाद्या विंधनात उद्या तो हातभर थर लागेल, तेव्हा तो ओळखणारा कोणीतरी असला पाहिजे.

वालधुनीचा गाळ

गाळाचा आणखी एक पैलू आरोग्याशी निगडित आहे. वालधुनी ही अंबरनाथच्या डोंगरात उगम पावून शिवमंदिराच्या शेजारून, उल्हासनगरच्या मधून कल्याणकडे जाणारी छोटी नदी. रासायनिक कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी तिने अनेक दशके वाहिले. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस टँकरमधून तिच्यात रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरमधील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात धाव घ्यावी लागली. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढेही गेले.

या साऱ्या वादात मोजले जाते ते पाणी. परंतु पाणी वाहून जाते, गाळ राहतो. जड धातू चिकण मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. उद्या कारखान्यांचे सांडपाणी पूर्णपणे थांबले तरी हा थर तेथेच राहील, पुराबरोबर उचलला जाऊन काठावरच्या वस्तीत पसरेल किंवा पात्र खोल करण्याच्या कामात उपसला जाऊन कोठेतरी भराव म्हणून टाकला जाईल. नाले आणि नद्यांतून गाळ काढण्यासाठी दर उन्हाळ्यात निविदा निघतात. निघालेला गाळ कोणत्या थरातील आणि तो कोठे टाकला, याची नोंद असलेला नकाशा नसेल तर शहराच्या एका टोकाचे विष दुसऱ्या टोकाच्या मैदानात जाऊन पडणे अशक्य नाही.

इरशाळवाडीचा धडा

डोंगराच्या बाजूने पाहावे तर उदाहरण फार दूरचे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री, माथेरानच्या शेजारी, खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि अखेर शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच सांगितले. हे स्पष्टीकरण म्हणून सांगितले गेले. वस्तुतः तो कबुलीजबाब होता. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेल्यानंतर नऊ वर्षांनीही यादी आणि डोंगर यांची गाठ पडली नव्हती.

गावांची यादी करणे निराळे आणि जमिनीचा नकाशा करणे निराळे. यादी बहुधा पूर्वी जेथे दरड पडली तेथून सुरू होते. उतारावर साचलेली माती किती जाड आहे, तिच्याखाली तांबडा पट्टा आहे की अखंड पाषाण, पाणी कोठून मुरते आणि कोठून बाहेर येते, हे नकाशा सांगतो. त्यासाठी आधी दरड पडण्याची वाट पाहावी लागत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या पूर्व-दक्षिण अंगाला असलेल्या डोंगरांच्या पायथ्याशी आज पाडे आहेत आणि त्यांच्या दिशेने शहरेही सरकत आहेत. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गासाठी बदलापूरजवळ माथेरानच्या डोंगररांगेखालून चार किलोमीटरांहून लांब जुळे बोगदे खोदण्यात आले. या डोंगराच्या पोटाचा इतका लांब छेद पूर्वी क्वचितच कोणाला पाहावयास मिळाला असेल. त्या खोदाईत दिसलेले थर ठेकेदाराच्या कपाटात न राहता सार्वजनिक नकाशावर यावयास हवेत.

काय करता येईल

या कामासाठी प्रचंड निधी लागेल, असा पहिला आक्षेप येतो. तो फारसा टिकणारा नाही, कारण निम्मे काम आधीच झालेले आहे. रेल्वे, महामार्ग, औद्योगिक विकास महामंडळ, जलवाहिन्या, उड्डाणपूल आणि प्रत्येक बहुमजली इमारत यांच्यासाठी जमिनीत भोके पाडली गेलीच आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींची निरीक्षणे घेते. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून जलधर खडकांच्या नकाशांची मोहीम राबविली. माहिती आहे, पण ती दहा कपाटांत आहे आणि दहा किल्ल्या दहा खिशांत आहेत.

ब्रिटनमध्ये १९२६ च्या कायद्याने शंभर फुटांहून खोल विंधनाची माहिती भूसर्वेक्षण संस्थेस कळविणे बंधनकारक झाले. आज त्या संस्थेकडे दहा लाखांहून अधिक विंधनांच्या नोंदी आहेत आणि त्यांचा मोठा भाग कोणालाही पाहता येतो. गाळावरच वसलेल्या नेदरलँड्सने २०१८ पासून जमिनीखालच्या माहितीची राष्ट्रीय नोंदवही कायद्याने सुरू केली. तेथील शासकीय कार्यालयांना ही माहिती तीत जमा करावी लागते आणि निर्णय घेताना ती वापरावीही लागते. आपल्याकडे एवढा मोठा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. बांधकाम परवानगी देताना माती परीक्षणाच्या अहवालाची एक प्रत, स्थळाच्या अक्षांश-रेखांशांसह, एका सामाईक संग्रहात जमा करण्याची अट या तीन नगरसंस्थांना घालता येईल. पाच वर्षांत अशा हजारो नोंदी जमतील. मुंबईचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान शेजारीच आहे. कल्याण, उल्हासनगर परिसरात महाविद्यालये आहेत. भूगोल आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका हंगामात इमारतींसाठी खोदलेले पायाचे खड्डे, विहिरी आणि नदीचे उघडे काठ यांची पद्धतशीर नोंद केली, तर परीक्षेसाठी पाठ केलेल्या चार धड्यांपेक्षा ते काम अधिक मोलाचे ठरेल. भुईचे ज्ञान असलेले वृद्ध शेतकरी आणि विहिरी खोदणारे कारागीर अजून हयात आहेत. बुजविलेला ओढा कोठून जात होता, हे त्यांच्याशिवाय दुसरे कोणी सांगणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असा नकाशा प्रसिद्ध झाला तर लोक घाबरतील, जागांचे भाव पडतील, ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतले त्यांचे नुकसान होईल. हा आक्षेप विकासकाच्या तोंडून येतो तेव्हा त्याकडे संशयाने पाहता येते. परंतु कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कारकुनाच्या तोंडून तो येतो तेव्हा त्याला उत्तर द्यावे लागते. उत्तर दोन प्रकारचे आहे. पहिले असे, की नकाशा बांधकामास मनाई करीत नाही. कोठे कसे बांधावे हे तो सांगतो. मऊ गाळावरही सुरक्षित इमारत उभी राहते, मात्र तिचा पाया वेगळा असतो आणि त्याचा खर्च आधी ठाऊक असावा लागतो. आज हा खर्च लपून राहतो आणि पुढे तड्यांच्या, गळतीच्या आणि पुराच्या रूपाने तो रहिवाशाकडूनच वसूल होतो. दुसरे असे, की ज्यांची घरे खरोखरच धोक्याच्या जमिनीवर आहेत त्यांना नकाशा दाखवून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. परवानगी देणाऱ्या यंत्रणेने एकदा शिक्का मारल्यानंतर जोखमीचा सारा भार खरेदीदाराच्या माथी मारता येणार नाही. अशा कुटुंबांना अन्यत्र जागा, चटईक्षेत्राची भरपाई किंवा पुनर्बांधणीस साहाय्य देण्याची तरतूद नकाशाबरोबरच झाली पाहिजे. ती नसेल तर लोक नकाशाला विरोध करतील आणि त्यांचा विरोध अनाठायी म्हणता येणार नाही.

हा नकाशा मराठीत असावा, उल्हासनगरसाठी तो सिंधी आणि हिंदीतही असावा, आणि तो नगरसंस्थेच्या कार्यालयात विकास आराखड्याच्या शेजारी लावावा. शाळांतील भूगोलाच्या तासाला आल्प्स आणि ॲमेझॉनबरोबर तो शिकवावा. घर घेण्यास आलेल्या माणसाने त्याच्यावर बोट ठेवून विचारावे, येथे खाली काय आहे, आणि समोरच्या कर्मचाऱ्यास त्याचे उत्तर देता यावे. एवढी साधी गोष्ट या तीन शहरांतील नागरिकांना मिळाली, तरी पुष्कळ झाले असे म्हणता येईल. नदी आपले थर रचण्याचे काम थांबविणार नाही. पुढचा मोठा पूर येईल तेव्हा तीही आणखी एक पान लिहिणार आहे; त्याच्या आत मागची पाने वाचून होतात की नाही, एवढेच आता ठरावयाचे आहे.